जुन्या वाशातून व्हिनियर: पानं कापण्यापासून चौरंगाच्या पॉलिशपर्यंत

व्हिनियर, म्हणजे फळीवर चिकटवायचं लाकडाचं पातळ पान, म्हटलं की बहुतेकांना प्लायवूडच्या दुकानातला आठ बाय चारचा तक्ता आठवतो आणि पाठोपाठ मनात येतं, "म्हणजे ते खरं लाकूड नाही." त्यावर वाद घालण्यापेक्षा एक हिशेब मांडू.

चार बाय तीन इंचाचा, दोन फूट लांबीचा सागवानी वाशाचा तुकडा घ्या. चारही बाजूंनी साफ केल्यावर तो साधारण 95 बाय 70 मिलिमीटर उरतो. त्याच्या पाऊण इंची फळ्या काढल्या तर तीन निघतात. एकूण पृष्ठभाग दोन चौरस फूटही भरत नाही. त्याच तुकड्याची अडीच मिलिमीटरची पानं काढा. पान अडीच, करवतीने खाल्लेलं एक, दोन पानांच्या मधे रंध्याने गेलेलं अर्धं, असे पानामागे 4 मिलिमीटर जातात. शेवटचे 10 मिलिमीटर हातात धरायला सोडले तरी पंधरा पानं मिळतात, म्हणजे नऊ चौरस फूट. एक चौरंग खालून-वरून मढवून पानं शिल्लक राहतात. आणि हे लाकूड खरंच आहे, फक्त ते जिथे दिसतं तिथेच वापरलेलं आहे.

दुकानातल्या तक्त्यावरचं व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. सुतारी भाषेत सांगायचं तर सहा पानं एकावर एक ठेवली तेव्हा कुठे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, होतं. ते कारखान्यात सुरीने सोलून काढतात, म्हणून भुसा पडत नाही. पण लाकूड आधी वाफवावं किंवा उकळावं लागतं आणि त्या अजस्र सुऱ्या घरात येणं शक्य नाही. घरी होतं ते करवतीचं व्हिनियर. ते जाड असतं, त्याला रंधा लागतो, ओरखडा पडला तर पुन्हा घासता येतं. माझ्या मते घरच्या माणसाने सुरुवात याच प्रकाराने करावी, कारण पातळ व्हिनियर चूक माफ करत नाही.

या लेखात 600 बाय 470 मिलिमीटरच्या चौरंगाचा वरचा भाग करायचा आहे असं धरून चालू. कपाटाचं दार किंवा ट्रे करायचा असेल तर मापं बदला, रीत तीच.

लाकूड

पुण्यात किंवा नाशकात जुने वाडे उतरवले की वासे, तुळया, खांब, चौकटी विकायला निघतात. वखारीत विचारलं तर "जुनं सागवान" वेगळं रचलेलं असतं. ते घ्या आणि बिल घ्या. सागाच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत, तेव्हा लाकूड कुठून आलं याचा कागद जवळ असलेला बरा.

जुन्या वाशात खिळे असतातच. डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही, पण त्याच्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की हा काळा डाग पडतो. असा डाग दिसला की तिथे चुंबक फिरवा, लोखंड आहे की नाही ते कळेल. एक खिळा चांगल्या पात्याचे दात घालवतो, म्हणून या कामात घाई नको. वाशाला जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. रंधा मारून साली जाड काढा, गोळा करून टाका आणि मास्क लावा.

साग नसेल तर? शिसवी सुंदर दिसते, पण तिचा भुसा अनेकांना बाधतो, अंगाला खाज सुटते. फणस ताजा कापलेला पिवळाधमक असतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होतो. हा रंग चढणार हे धरूनच तो निवडा. आंब्याला कधी कधी फार देखणी नक्षी निघते, पण कीड लवकर लागते. शिवण हलकं आणि शांत लाकूड आहे, पहिल्या प्रयत्नाला उत्तम. बाभूळ फार कठीण, छोट्या मशीनला झेपत नाही.

तुकड्याच्या टोकाकडे नीट पाहा. तिथे वाढीच्या वर्तुळांचे कंस दिसतात. पान अशा बाजूने कापलं की ते कंस पानाच्या रुंद बाजूला उभे येतील, तर पानावर सरळ समांतर रेषा मिळतात. कंस आडवे आले तर डोंगरासारखी कमानदार नक्षी मिळते, जिला दुकानात क्राउन कट म्हणतात. यात फक्त आवडीचा प्रश्न नाही. हवेतल्या ओलीने साग कमानदार कापाच्या रुंदीत सरळ रेषेच्या कापापेक्षा जवळपास दुप्पट हलतो. चौरंगासारख्या वस्तूला मी सरळ रेषा घेईन.

आता ओल. वाडा शंभर वर्षांचा असला तरी वासा पावसाळाभर वखारीच्या उघड्या आवारात भिजला असेल तर तो ओलाच समजायचा. मॉइश्चर मीटर असेल तर देशावर 10 ते 12 टक्के दिसेपर्यंत थांबा. कोकणात एवढं कोरडं लाकूड बऱ्याचदा मिळतच नाही, तिथे ते जिथे वापरायचं त्या खोलीत महिना-दीड महिना ठेवा. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. तुकड्याचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ते उतरायचं थांबलं की लाकूड तयार. चिकटवण्याचं काम शक्यतो दिवाळीनंतर आणि होळीच्या आत उरका. श्रावणात फुगलेली पानं चिकटवली तर वैशाखात सांधे उघडतात.

पानं कापणं

या कामाचं यंत्र म्हणजे बँडसॉ, दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत. 14 इंची बँडसॉमध्ये साधारण 6 इंच उंचीचा तुकडा उभा जातो, छोट्या घरगुती मॉडेलमध्ये तीन-साडेतीन इंच. यंत्राबरोबर आलेलं बारीक दातांचं पातं काढून ठेवा. अर्धा इंच रुंद, इंचाला तीन दात असलेलं पातं लावा. दात कमी का? उंच तुकडा कापताना भुसा खूप निघतो. दातांमध्ये जागा नसेल तर तो तिथेच अडकतो, पातं तापतं आणि आत वळतं. मग पान मधोमध पोट काढलेलं निघतं.

पातं ताणून झालं, पात्याला आधार देणारा वरचा गाइड तुकड्याच्या जेमतेम वर आणला, की फेन्सकडे, म्हणजे तुकडा टेकवून ढकलायच्या सरळ पट्टीकडे, या. बँडसॉचं पातं बहुधा फेन्सला समांतर कापत नाही, त्याचा स्वतःचा एक कल असतो. तो असा काढतात: भंगार फळीवर कडेला समांतर रेघ मारा, फेन्स न लावता हाताने त्या रेघेवर कापत जा आणि अर्ध्यात थांबून मशीन बंद करा. फळी ज्या कोनात उभी आहे तो या पात्याचा कोन. फेन्स तेवढी फिरवून पक्की करा. पातं बदललं की हे पुन्हा करायचं. फेन्स तुकड्याच्या उंचीइतकी उंच हवी. लोखंडी फेन्सला प्लायचा सरळ तुकडा स्क्रूने जोडला तरी काम होतं.

आता क्रम. तुकड्याची एक बाजू रंध्याने सपाट आणि तिला लागून खालची कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, करा. सपाट बाजू फेन्सला टेकवा, पानाची जाडी अडीच मिलिमीटर ठेवा आणि हळू, एकाच वेगाने ढकला. आवाज बदलला, पातं कण्हायला लागलं, तर ढकलणं कमी करा. थांबू मात्र नका, थांबलात तिथे पानावर पायरी पडते. शेवटचे चार इंच हाताने ढकलायचे नाहीत, ढकलकाठी घ्या. पान निघालं की तुकड्याची कापलेली बाजू पुन्हा रंध्याने सपाट करा आणि मगच पुढचं पान. हा मधला रंधा लोकांना वेळखाऊ वाटतो आणि ते सलग सगळी पानं कापतात. मग प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी खडबडीत पृष्ठभाग मिळतो आणि आधीच्या कापातलं वाकडेपण पुढच्या पानात उतरत जातं.

कापायच्या आधी वाशाच्या टोकावर पेन्सिलीने एक मोठा तिरका त्रिकोण काढा. पानं सुटी झाल्यावर टोकं जुळवली की तो त्रिकोण पुन्हा उभा राहतो आणि क्रम चुकत नाही. शिवाय प्रत्येक पानावर आकडा घाला. पंधरा पानं टेबलावर पसरली की सगळी सारखीच दिसतात. शेवटी मुठीला उरलेला 10 मिलिमीटरचा तुकडा फेकू नका, लिपिंगच्या, म्हणजे फळीची उघडी कड झाकायच्या, पट्ट्या त्यातून निघतात.

बँडसॉ नसेल तर वखारीजवळच्या आरा मिलमध्ये विचारा, पण त्यांचं पातं जाड असतं आणि दोन-अडीच मिलिमीटरचं पान काढून द्यायला ते सहसा तयार होत नाहीत. टेबलसॉवर जमतं, पण त्याचं पातं प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर खातं, म्हणजे पानापेक्षा भुसा जास्त. आणि टेबलाला खालून उलटी ठोकलेली, गार्ड काढलेली कटर मशीन, जी आपल्याकडे प्रत्येक साइटवर दिसते, तिच्यावर पातळ पानं अजिबात कापू नका. पातळ पट्टी पात्यात अडकून भाल्यासारखी मागे येते.

पानं सपाट करणं

निघालेल्या पानाची एक बाजू रंधलेली, दुसरी करवतीची. इथे एक गुंता आहे, जो बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतो. शेजारची दोन पानं पुस्तकासारखी उघडून लावायची असतील, म्हणजे डावीकडची नक्षी उजवीकडे आरशात पडल्यासारखी यायला हवी असेल, तर एका पानाची रंधलेली बाजू वर येते आणि दुसऱ्याची करवतीची. तेव्हा दोन्ही बाजू साफ असणं भागच आहे. त्यासाठीच अडीच मिलिमीटर कापून दोनवर यायचं.

ड्रम सँडर, म्हणजे पॉलिश पेपर गुंडाळलेल्या फिरत्या रुळाने घासणारं यंत्र, असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर एका सपाट फळीवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपच्या तीन पट्ट्या लावा, पान त्यावर दाबून बसवा आणि धार लावलेला रंधा अगदी बारीक ठेवून तिरका चालवा. रेषा उलट्या असतील तिथे रंधा लाकूड उचकटतो. तिथे स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी, वापरा. जुने मिस्त्री फुटक्या काचेच्या तुकड्याने हेच करत आले आहेत आणि काच खरोखर सुरेख काम देते, फक्त हातमोजा घाला. पान टेपवरून सोडवताना ओढू नका, खालून पातळ पटाशी सरकवत न्या. मोटरच्या प्लेनरमध्ये एवढी पातळ पानं घालू नका, आत त्यांचे तुकडे होतात.

सागात सिलिका असते, त्यामुळे रंध्याची धार चटकन जाते. चार पानांनंतर पात्याला दगड दाखवावाच लागतो, हे गृहीत धरून चाला. साफ झालेली पानं क्रमाने रचून वर वजन ठेवा. एकेकटी उघडी टाकलीत तर सकाळपर्यंत पन्हळीसारखी वाकतात.

सांधा

चौरंगाला एका बाजूला सहा पानं लागतील, दोन्ही बाजूंना बारा. तीन हाताशी राहतात.

पहिली दोन पानं पुस्तकासारखी मिटवा, म्हणजे ज्या कडा एकमेकींना भिडायच्या त्या एकमेकींवर येतील. दोन सरळ फळ्यांच्या मधे ती जोडी पकडा, कड जेमतेम एक मिलिमीटर बाहेर ठेवा आणि फळ्यांवरून लांब रंधा चालवा. यात एक गंमत आहे. रंधा किंचित कलता धरला गेला तरी दोन्ही पानांना तोच कल येतो आणि पानं उघडल्यावर एकाची चढ दुसऱ्याच्या उतारात बसते. सांधा बंदच राहतो. पानं खिडकीसमोर धरून बघा. मधून उजेडाची रेघ दिसत असेल तर आणखी एक हात मारा.

जोडताना दर्शनी बाजूला दर चार-पाच इंचांवर मास्किंग टेपचा तुकडा ताणून आडवा लावा आणि मग सांध्यावरून एक लांब पट्टी उभी. ओला करून लावायचा कागदी गमटेप मिळाला तर तो उत्तम, कारण वाळताना आकसतो आणि सांधा आणखी घट्ट ओढतो. सहाही पानं जोडून झाली की उलटी करा. सांधे बिजागरीसारखे उघडून आत बोटाने फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात फिरवा, सपाट करून पुसा आणि वजनाखाली ठेवा. टेप नेहमी दर्शनी बाजूला. चिकटवायच्या बाजूला राहिलेला टेप म्हणजे तिथे कायमचा फुगा.

तळ आणि दोन्ही बाजूंचा नियम

पान कशावर चिकटवायचं? भरीव लाकडाच्या फळीवर नको. फळी हलते आणि पानाला बरोबर ओढते. 18 मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, सर्वांत सपाट आणि शांत, पण पाण्याला घाबरणारा. चौरंगावर अभिषेकाचं ताम्हन, कलश, सांडलेलं तेल येणार, तेव्हा मी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या, ग्रेडचं प्लायवूड घेईन. दुकानात ते मरीन प्लाय म्हणून, आयएस 710 असा शिक्का बघून मिळतं. प्लाय घेताना दुकानातच उभा धरून कडेवरून नजर टाका. वाकलेला तक्ता व्हिनियरने सरळ होत नाही. आणि प्लायच्या वरच्या थराच्या रेषा ज्या दिशेला असतील त्याला पान काटकोनात लावा. समांतर लावलं तर खालचा थर तडकला की पानही त्याच रेषेत तडकतं.

या सगळ्या उद्योगात एकच नियम मोडायचा नाही असं मला विचारलं तर तो हा: जे वर, तेच खाली. डिंकातलं पाणी पान पितं, फुगतं, मग वाळताना आकसतं आणि तळाला आपल्याकडे ओढतं. एकाच बाजूला पान लावलं तर काही आठवड्यांत फळीची परात होते. खालच्या बाजूला कमी देखणी पानं चालतील, गाठीची चालतील, पण त्याच लाकडाची, साधारण त्याच जाडीची आणि त्याच दिशेने. सनमायकाचा तुकडा किंवा नुसता रंग खाली लावून हे भागत नाही.

पान दोन मिलिमीटरपर्यंतच ठेवायचं कारणही हेच. तीनच्या पुढे ते भरीव लाकडासारखं वागू लागतं आणि सांधा तोडण्याइतकी ताकद त्यात येते.

कोणता डिंक

1959 मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला त्याआधी सुतार सरस वापरत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, दुहेरी भांड्यात साधारण 60 अंशांपर्यंत तापवून लावायचा. त्याने क्लॅम्पशिवाय व्हिनियर बसतं: गरम सरस लावायचा, पान ठेवायचं आणि रुंद तोंडाच्या हातोड्याने मधून बाहेर दाबत न्यायचं, थंड होता होता तो पकडतो. वाद्यं आणि जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत त्याला आजही तोड नाही, कारण गरम-ओला केला की सुटतो. पण दमट हवेत तो मऊ पडतो, बुरशी धरतो, आणि चौरंग देवापुढे ठेवायचा असेल तर तो कशापासून होतो हेही घरात चालेल का ते बघा.

आपल्या कामाला पाण्याला टिकणारा, मरीन प्रकारचा पांढरा डिंक पुरेसा आहे. दाब चांगला असेल तर तो पक्कं धरतो. एकच खोड म्हणजे वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी सांध्यावर बोट फिरवलं तर बारीक उंचवटा जाणवू शकतो. ज्याला ते खटकतं त्याने पावडरीतून कालवायचा युरिया डिंक घ्यावा, तो काचेसारखा कडक होतो. मात्र हवेशीर जागा आणि मास्क हवाच.

सिंथेटिक रबरचा पिवळा डिंक, जो सनमायका लावायला वापरतात, तो इथे नको. तो झटपट पकडतो म्हणून मोह होतो. पण तो कायम मऊ राहतो, आणि वरून पॉलिशमधला थिनर पातळ पानातून आत उतरला की सुटून फुगे येतात.

सागाला तेल असतं. चिकटवायच्या अगदी आधी पानाची खालची बाजू अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं पिवळं होतं ते तेल. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. आणि घासायला स्टील वूल वापरू नका, त्याचे बारीक तुकडे ओल्या डिंकात राहिले की काळे ठिपके उमटतात.

दाब

आधी कोरडी तालीम करा. सगळं हाताशी ठेवून, डिंकाशिवाय, क्लॅम्प आवळण्यापर्यंत एकदा करून बघा. पांढरा डिंक उन्हाळ्यात दहा मिनिटांत साय धरतो, तेव्हा क्लॅम्प शोधत बसायला वेळ नसतो.

लागतं ते असं: चौरंगापेक्षा इंचभर मोठे दोन 18 मिलिमीटर प्लायचे दाबतक्ते, त्यावर आडव्या ठेवायला दोन बाय दोन इंचाच्या पट्ट्या, वर पाच आणि खाली पाच, पट्टीच्या दोन टोकांना एकेक असे दहा क्लॅम्प, आणि प्लास्टिकचा जाड कागद, नाहीतर दाबतक्ता चौरंगालाच चिकटेल. खरी कळ पट्ट्यांत आहे. क्लॅम्प कडेला बसतात, मधे पोहोचत नाहीत. म्हणून प्रत्येक पट्टीच्या एका बाजूला रंध्याने हलका फुगीरपणा द्या, मध्य टोकांपेक्षा दीड-दोन मिलिमीटर उंच. फुगीर बाजू तक्त्याकडे. टोकं आवळली की आधी मध्य दाबला जातो, मग कड.

डिंक तळावर लावायचा, पानावर नाही. पानाला लावला की ते लगेच गुंडाळायला लागतं. छोटा रबर रोलर घ्या. चौरस मीटरला साधारण 150 ते 200 ग्रॅम डिंक लागतो. आपल्या चौरंगाच्या एका बाजूला 50 ग्रॅम म्हणजे पुरे. थर सगळीकडे सारखा, ओला चकाकणारा, पण ओघळ नाही. कमी पडला तर फुगे, जास्त झाला तर सागाच्या छिद्रांतून वर झिरपतो आणि पॉलिश तिथे धरत नाही. खालचं पान, तळ, वरचं पान असं सँडविच लावा, कोपऱ्यांवर टेपने पकडा म्हणजे घसरणार नाही. टेपच्या जाडीचा ठसा उमटू नये म्हणून प्लास्टिकवर दोन-तीन कोरे कागद ठेवा. क्लॅम्प मधल्या पट्टीपासून सुरू करून दोन्हीकडे जा, एकदम पूर्ण आवळू नका, दोन फेऱ्यांत आवळा. कडेने डिंकाचे मोहरीएवढे थेंब सगळीकडून सारखे आले की दाब बरोबर. रात्रभर तसंच राहू द्या.

हे काम वारंवार करायचं असेल तर व्हॅक्यूम बॅगचा विचार करा. पिशवीतली हवा काढली की बाहेरचं वातावरणच दाब देतं. 80 टक्के व्हॅक्यूमला चौरस मीटरमागे आठ टन, म्हणजे आपल्या छोट्या चौरंगावरही दोन टनांच्या वर, आणि तोही सगळीकडे सारखा. हौशी लोक जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर यासाठी वापरतात आणि तो चालतो; फक्त त्यातला गॅस फ्रिजच्या मेकॅनिककडून काढून घ्या, स्वतः नळी कापू नका, आणि वायरिंगला अर्थिंग द्या.

विकतच्या अर्ध्या मिलिमीटरच्या सुट्या पानांसाठी, लहान कामात, इस्त्रीची युक्ती छान आहे. पानाला आणि तळाला दोन्हीकडे पांढरा डिंक लावा, पारदर्शक होईपर्यंत वाळू द्या, मग पान ठेवून मधे कागद घालून सुती कपड्याच्या इस्त्रीने मधून बाहेर दाबत न्या. पेटीचं झाकण, फ्रेम, कडा यासाठी ठीक. मोठ्या फळीवर उष्णतेने पान आकसतं आणि सांधे उघडतात.

क्लॅम्प काढल्यावर

फळी टेबलावर आडवी टाकू नका. दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी भिंतीला उभी ठेवा, आणि चार-पाच दिवस घासायचा मोह आवरा. सांध्याजवळचं लाकूड डिंकाच्या पाण्याने अजून फुगलेलं असतं. आत्ता सपाट घासलंत तर ते वाळल्यावर तिथे खळगी दिसते, आणि चकचकीत पॉलिशमध्ये ती लपत नाही.

मग नखाने टकटक करत सगळा पृष्ठभाग तपासा. बसलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पापडासारखा कोरडा. फुगा सापडला तर धारदार कटरने रेषेच्या दिशेने चीर द्या, सिरिंजने आत डिंक भरा, बोटाने दाबून पसरवा, जादा पुसा, प्लास्टिक ठेवून वर तक्ता आणि क्लॅम्प. रेषेच्या दिशेची चीर नंतर सापडत नाही, आडवी मात्र आयुष्यभर दिसते.

टेप किंचित ओला करून रेषेच्या दिशेने काढा. फळी 580 बाय 450 च्या मापात कापा आणि कडेला लिपिंग लावा. 10 मिलिमीटरची पट्टी दोन्हीकडून धरून 600 बाय 470 होतं. कोपरे 45 अंशांत कापले तर सुबक दिसतात. लिपिंग पान चिकटवण्याआधी लावून ते पानाखाली झाकणारेही आहेत, तसं केलं की वरून नुसती अखंड नक्षी दिसते. पण चौरंग पाटावर, कपाटात, गाडीत आदळणार. मला पानाची कड उघडी ठेवणं पटत नाही, भरीव पट्टीने तिला संरक्षण मिळालेलं बरं.

आता स्क्रेपर, मग 180 आणि शेवटी 240 नंबरचा पॉलिश पेपर, ठोकळ्याला गुंडाळून. पृष्ठभागावर पेन्सिलीने हलक्या रेघा ओढून घ्या. त्या पुसल्या गेल्या की थांबा. दोन मिलिमीटरच्या पानाला भीती नाही, पण विकतच्या पानावर मशीन सँडर कडेला एक क्षण जास्त टेकला की खालचा प्लाय दिसतो, आणि त्याला उपाय नाही.

पॉलिशला लाख सर्वांत सुंदर रंग चढवते आणि घरी फडक्याने लावता येते. पण गरम भांडं, पाणी, अत्तर यांचे पांढरे डाग तिच्यावर पडतात. समई आणि ताम्हन ठेवायच्या चौरंगाला म्हणून लाखेचे दोन पातळ हात आणि त्यावर मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, द्या. लाख मेण काढलेली हवी, नाहीतर पीयू धरत नाही. खालची बाजू कुणाला दिसणार नाही म्हणून कोरी सोडू नका. तिला वरच्याइतकेच हात द्या, नाहीतर पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते आणि सपाट बसलेली फळी वाकायला लागते.